रांग पुरी होती

अहो, विलासनं तुमच्या फ्युनरलला बिगुलवाला ठरवला होता. मी नको म्हटलं.

साठी उलटलेला आपला मुलगा, बर्मिंगहॅमला इतकी वर्षं ऑफिस सांभाळलेला, पण माझ्यापुढे अजून मार्क कमी पडल्यासारखा उभा राहतो. म्हणाला, "आई, बाबा आर्मीत होते. पेटीवर झेंडा घालू या. एक माणूस येईल, बिगुल वाजवेल आणि जाईल. लोकांना कळू दे ना."

"तुझे बाबा आर्मीत नव्हते. टेरिटोरियलमध्ये होते."

"आई, तीही आर्मीच असते."

"त्यांना विचारलं होतंस?"

"आता कसं विचारू?"

"मग मला विचार. नको."

तो खाली गेला आणि बिगुलवाल्याला फोन करून नाही म्हणाला. मी जिन्यावरून ऐकत होते. सॉरी, सॉरी, सॉरी. जसं काही त्या माणसाचा पाय तुडवला होता. इंग्लंडात वाढलेलं पोर.

मी नको म्हटलं खरं, पण माझं तरी कुठे ठरलं होतं? तुम्ही शिपाई होतात की नाही, हे भांडण आपण या किचनमध्ये जन्मभर घातलं. मी चिडवायला तुम्हाला रविवारचा शिपाई म्हणायची. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणायचात, "रविवारचा म्हण. शिपाई म्हणू नकोस." दर वेळी हेच, याच शब्दांत. आणि आता निकाल न लावता निघून गेलात. पेटीवर झेंडा घालायचा की नाही ते माझ्या गळ्यात टाकून.

लग्न होऊन पुण्याच्या त्या एका खोलीत आले, तेव्हा पहिल्याच रविवारी तुम्ही अंधारात उठलात आणि खाकी कपडे चढवलेत. मला वाटलं, फसवलं. फिटर म्हणून दाखवला आणि पोलीस निघाला. तुम्ही पायाला पट्ट्या गुंडाळत होतात आणि मी दारात उभी. माझा चेहरा बघून तुम्ही हसलात, म्हणालात, "घाबरू नकोस, दुपारी परत येतो."

संध्याकाळी मला समजावून सांगितलंत. चौथी शिकलेल्या बायकोला समजेल असं, भाकरी मोडता मोडता. देश नुकताच सुटलाय. जे सैन्य होतं ते फाळणीत वाटलं गेलं, उरलं ते सरहद्दीवर. मग मागे राहिलेले पूल, स्टेशनं, तेलाच्या टाक्या कोणी राखायच्या? आपणच. कारकून, सुतार, मास्तर, फिटर. आठवडाभर आपापलं काम करायचं, रविवारी परेडीला जायचं, वर्षातून एकदा कॅम्प. लढाई आली तर सरकार बोलावणार, संपली की आपण परत आपल्या कामावर. नव्या देशाचं नवं सैन्य, घरी जेवणारं. त्याचंच नाव टेरिटोरियल.

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर चांगलंच की."

"मग नुसतं चालायचं? रविवारी?"

"नुसतं चालणं सोपं नसतं," तुम्ही म्हणालात. "सगळ्यांनी एकदम चालून बघ."

त्या नव्या सैन्यातलं नवं असं मला काही दिसलं नाही. बूट इंग्रजाच्या मापाचे. पुढे रद्दी कोंबून तुम्ही घालायचात आणि तरी टाचेला फोड. लोकरीचा डगला एवढा मोठा की बाहीतून बोटांची टोकं तेवढी दिसायची. डोक्यावरची लोखंडी टोपी मोठ्या युद्धातली, तिच्या आतल्या कातड्याला दुसऱ्याच कोणाच्या तरी घामाचा वास. सुरुवातीला तर बूटही सगळ्यांना पुरले नव्हते, मास्तर चपला घालून परेड करायचे आणि वळताना एक चप्पल मागे राहायची. हवालदार जुना, गोऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला. हुकूम आता हिंदीत द्यायचे होते. तो हुकूम नव्या भाषेत द्यायचा आणि शिव्या मराठीत. तुम्ही घरी त्याची नक्कल करायचात आणि मी पीठ मळता मळता हसायची.

कमरेचा पट्टा मी घासायची. पॉलिश संपलं की बकलाला चिंच आणि राख. एकदा पट्टा उलटा केला तर आतल्या बाजूला शाईनं काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं, तुम्ही वाचून दाखवलंत. कोणा गोऱ्या शिपायाचं नाव होतं. मी म्हटलं, घासून काढते. तुम्ही पट्टा माझ्या हातातून घेतलात. "राहू दे. त्याचा होता." आणि पेन घेऊन त्याच्या नावाखाली आपलं नाव लिहिलंत. खाली थोडी जागा सोडलीत. मी विचारलं, ही कशाला? म्हणालात, "माझ्यानंतरही कोणीतरी असेल ना."

मला ते काही पटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "देश नवा आणि भांडी सगळी जुनी. त्यांनी टाकलेली."

तुम्ही आपल्या चुलीकडे बघितलंत. कढई माझ्या आईची, पाटा तुमच्या बहिणीचा, पातेल्यावर कोणाचं नाव कोरलेलं ते तुम्हालाही माहीत नव्हतं. म्हणालात, "संसार सगळे असेच सुरू होतात. आपला कसा झाला?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्याकडे नीट बघितलं. लग्नाला काही महिने होऊन गेले होते. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

रायफल मात्र घरी येत नसे. ती तुमच्या तोंडूनच मला माहीत. थ्री-नॉट-थ्री. लाकूड काळसर, लोखंडावर राजाच्या मुकुटाचा ठसा, खांद्याला असा धक्का मारायची की चांदमारीहून आलात की मी हळद लावायची. दोघांत एक. सकाळच्या परेडीला तुमच्याकडे, दुपारच्या परेडीला साळवींकडे. साळवी सायकली दुरुस्त करायचे, पेठेत दुकान होतं. मधल्या वेळात रायफल साफ करून द्यायची, हा नियम. तिच्या दस्त्याच्या बुडाला पितळेचं झाकण, आत तेलाची कुपी आणि एक दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला फास. फासात चिंधी अडकवायची, वजन नळीत मागून सोडायचं, पुढून बाहेर आलं की एका दमात ओढायचं. तिचं नाव पुलथ्रू. हा शब्द मी इंग्लंडला यायच्या आधी शिकले. थँक्यूच्याही आधी.

तुम्ही नवशिके होतात तेव्हा दोरी अडकायची, हवालदार ओरडायचा. म्हणून घरी सराव. कशावर? माझ्या फुंकणीवर. सुतळी, टोकाला दरवाजाची जुनी कडी, आणि माझ्या फाटक्या लुगड्याची चिंधी. चुलीजवळ बसून तुम्ही फुंकणी ओढत असायचात. आळीतल्या बायका माझी फुंकणी बघायला यायच्या. फुंकून तोंड काळं होत नाही अशी फुंकणी त्यांनी बघितली नव्हती.

"इतकं घासता," मी एकदा म्हटलं, "रायफल काय तुमची आहे?"

"माझी असती तर एखाद दिवशी कंटाळा केला असता," तुम्ही म्हणालात. "साळव्याची आहे. उद्या त्याच्या हातात फुटली तर?"

मग इंग्लंड. कायदा बदलणार, नंतर जाता येणार नाही, म्हणून घाईघाईनं तिकीट काढलंत. कॉव्हेंट्रीला मोटारीच्या कारखान्यात फिटर हवे होते. तुमची टेरिटोरियलची मुदत पुरी झाली होती, सामान जमा केलंत, बूट, डगला, पट्टा. रायफल साळवींच्या नावावर लागली. तुम्ही गेलात तेव्हा उन्हाळा होता. मी विलासला घेऊन पुण्यातच राहिले, तुमचं बस्तान बसेपर्यंत.

आणि दिवाळीच्या सुमारास चीनची लढाई आली. सरकारनं रविवारवाल्यांना बोलावलं.

साळवींची बायको माझ्या दारात आली. म्हणाली, "चला वहिनी, आमचे निघालेत." विलासला कडेवर घेतलं आणि गेले. मैदानाच्या कडेला बायका उभ्या. समोर तुमचे लोक रांगेत. तो मास्तर, तो पोस्टातला कारकून, तो सुतार. घरी तुम्ही ज्यांच्या नकला करायचात तेच सगळे. पण हसू आलं नाही. मास्तरांच्या पायात बूट होते. हुकूम झाला आणि सगळे एकदम वळले, एका पावलात. तेव्हा मला कळलं, नुसतं चालणं सोपं नसतं. ट्रकमध्ये चढताना साळवींनी आम्हाला बघितलं. हात हलवला नाही. रायफलच्या दस्त्यावर दोनदा बोटं वाजवली, आणि चढले.

पुढच्या वर्षी मी इथं आले. स्टेशनवर तुम्ही घ्यायला आलात. तोपर्यंत केस मागे गेले होते आणि गालफडं बसली होती. पोर तुम्हाला ओळखेना. प्रवास कसा झाला ते तुम्ही विचारलं नाहीत. विचारलंत, "कोण कोण गेलं?"

मी नावं सांगितली.

"माझी जागा रिकामी दिसत होती का?"

मी जे बघितलं ते सांगितलं. "नाही. रांग पुरी होती."

तुम्ही ट्रंक उचललीत. बसमध्ये मी शेजारी बसून बोलत होते, विलास रडत होता, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. बाहेर धुकं. बघण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवसापासून तुम्ही शिपाई हा शब्द लावून घेतला नाहीत.

मी खोटं बोलले असते तर? रिकामी दिसत होती, सगळे तुमची आठवण काढत होते, असं? मला तसं बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. रांग पुरी होती. तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगितलं होतं. वाटलं नाही.

पुढे पुण्याला गेलो तेव्हा साळवींच्या दुकानात बसलो होतो, आठवतं? चाकं टांगलेली, पंक्चरच्या टबात काळं पाणी. तुम्ही विचारलंत, "काय केलंत रे तिकडे?" आणि असे बसलात, जणू आता वर्गात छडी बसणार.

साळवी म्हणाले, "पूल राखला. हिवाळाभर. एक कावळा आला नाही बघ. तू काय चुकवलंस? थंडी."

"तरी."

"तरी काय, गड्या? तुझी रायफल घेतली ना, तेव्हा नळीत डोळा लावून बघितलं. आरसा. म्हटलं, गेला तो गेला, पण पोरगी लग्नाला उभी करून गेला."

तुम्ही हसलात. रिक्षात बसल्यावर म्हणालात, "साळव्या बोलायला पहिल्यापासून चांगला." आणि विषय बंद.

शेजारचा केन आपला कसा झाला तेही त्या दोरीमुळेच. कारखान्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लेथवर तुम्ही पितळेचं एक वजन उतरवून घेतलं होतंत, अगदी त्या मापाचं. घरात नळी दिसली की तुमची दोरी बाहेर. किटलीची तोटी, केर ओढायच्या हूवरचा पाइप, सिंकखालची नळी. विलासची मीरा शाळेत रेकॉर्डर शिकायची, ती पिपाणी तुम्ही मागच्या बागेत बसून ओढत होतात. कुंपणापलीकडून केन ओरडला, "अरे, हे तू कुठे शिकलास?" त्यानंही तरुणपणी सक्तीची दोन वर्षं काढली होती लष्करात, बहुतेक बटाटे सोलण्यात. रायफल तीच. थ्री-नॉट-थ्री. दोघे म्हातारे कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून नसलेली रायफल खांद्याला लावत होते. त्या दिवसापासून तो तुम्हाला सार्जंट म्हणायचा.

"सार्जंट नाही, केन. साधा नाईकसुद्धा नव्हतो."

"मग काय होतास?"

"फिटर."

दर नोव्हेंबरला, लढाईत गेलेल्यांच्या आठवणीच्या रविवारी, पार्कातल्या स्मारकापाशी सगळे जमतात. कोटाला कागदाचं लाल फूल लावून तुम्हीही जायचात. केन पुढच्या रांगेत, मेडल लावलेल्या म्हाताऱ्यांत. तुम्ही मागे, गेटजवळच्या बाकाशी, जिथून बस लवकर मिळते. केन वळून हात करायचा, पुढे ये. तुम्ही म्हणायचात, "पुढच्या वर्षी." दर वर्षी पुढच्या वर्षी. मी घरी ओरडायची. गुडघे गेलेत, पाऊस पडतोय, कोणी बोलावलंय का?

"हजेरी लावून येतो."

"कोणाची? तुम्हाला ओळखतंय कोण तिथे?"

एकदाच म्हणालात, त्या पट्ट्यावरचा गोरा यांच्यातलाच एखादा असेल. असेलही. तो असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतंत? पट्टा नीट जमा केला, एवढंच ना?

हॉस्पिटलमध्ये तुमच्या नाकाला नळी लावली तेव्हा तुम्ही ती हातात धरून बघितलीत. नर्सला विचारलंत, ही साफ कोण करतं? ती म्हणाली, साफ नाही करत, डार्लिंग, वापरून फेकून देतो. तुम्हाला ते अजिबात आवडलं नाही. ती गेल्यावर मला म्हणालात, "फेकून देतात? मग पुढच्याला काय?" मी म्हटलं, पुढच्याला नवी. तुम्ही मान हलवलीत, देश चुकीच्या हातात गेल्यासारखी. दोन दिवसांनी गेलात. मी तिथेच होते. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तुमचा हात माझ्या हातात होता आणि मग तो नुसता हात होता.

फ्युनरलच्या ऑफिसातली पोरगी कपडे घेऊन जायला आली. गोड पोरगी, हळू बोलणारी, मेलेल्या माणसाची झोप मोडेल अशा आवाजात. मी तुमचा करडा सूट दिला आणि वरच्या खिशात ती दोरी ठेवली. तिनं खिसा तपासला. "हे काय आहे?" मीरा शेजारी उभी होती. आपली नात, इथंच जन्मली, दवाखान्यात काम करते, मराठी तिचं अजून अंगणातच खेळतं. तिनं इंग्रजीत समजावलं. पोरगी म्हणाली, दहनाच्या भट्टीत धातू चालत नाही, सॉरी. दोरी चालेल.

मीरा म्हणाली, "आजी, मी काढते. ती गाठ घट्ट आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "मी काढते."

गाठ घट्ट नव्हती. ओढली की सुटेल अशी बांधली होती तुम्ही. म्हणजे ज्याला पुढे लागेल त्याला नखं मोडायला नकोत. मी ते वजन हातात घेऊन किचनच्या खुर्चीवर बसले. पोरगी थांबली, मीरा थांबली. आणि इतक्या वर्षांनी, अहो, माझ्या डोक्यात उजेड पडला.

रांग पुरी होती. हे मी तुम्हाला स्टेशनवर सांगितलं होतं. पण ती पुरी कशी झाली होती? आपोआप? माणूस रायफल गंजवून, दोरी हरवून, पट्टा कुठेतरी फेकून गेला असता तर साळवी त्या रांगेत कशानं उभे राहिले असते? तुमची जागा रिकामी दिसली नाही, कारण तुम्ही ती रिकामी सोडलीच नव्हती. तुम्ही ती घासूनपुसून, तेल देऊन, दुसऱ्याच्या हातात दिली होती. रिकामी दिसली असती तर तुम्ही शिपाई नव्हतात. रांग पुरी होती म्हणून होतात.

एवढं वाक्य मला त्या बसमध्ये सुचायला हवं होतं. नाही सुचलं. तेव्हा पंचविशीची होते, कडेवर पोर, पायाला थंडी. तुम्हाला तरी कुठे सुचलं? रायफल तुम्ही घासलीत आणि उत्तर मी शोधत बसले म्हातारपणी. ठीक आहे. दोघांत एक.

मीरानं विचारलं, "आजी, तू रडते आहे?"

"नाही. विचार करतेय. तुझ्या आजोबांशी भांडतेय."

"कोण जिंकला?"

"अजून चाललंय," मी म्हटलं.

झेंडा घातला नाही. बिगुलही नाही. तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मेलेल्या माणसाचा शब्द मोडायला मला आवडत नाही, तो उलट बोलू शकत नाही म्हणून. सूट घालून, खिशात दोरी घेऊन गेलात. केन चालायच्या त्या फ्रेमला धरून उभा होता. पेटी आत जाताना त्यानं एकट्यानं सॅल्यूट केला. मी त्याला अडवलं नाही. त्याला नको म्हणायचा हक्क फक्त तुमचा होता.

घरी आल्यावर सगळीकडे तुम्ही. किटली साफ. हूवरचा पाइप साफ. गवत कापायचं मशीन तेल देऊन शेडमध्ये, पाती कापडात गुंडाळलेली. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशी तुम्ही सिंकखाली वाकला होतात आणि मी ओरडले होते, की या वयात नळी कसली काढता. आता पाणी सरसर जातं. विलास म्हणतो, आई, बर्मिंगहॅमला चल. मी म्हटलं, बघू. घर एवढं तयार करून कोणासाठी ठेवलंत? पुढची मीच ना?

मग नोव्हेंबरचा तो रविवार आला. तुम्हाला जाऊन जेमतेम महिना झाला होता. सकाळी उठले, तुमचा कोट खुंटीवर होता, कॉलरला गेल्या वर्षीच्या फुलाची टाचणी तशीच. मी मीराला फोन केला, "पार्कात सोड मला."

"आजी, बाहेर खूप थंड आहे. आणि तू नेहमी म्हणायची, तिथे काय ठेवलंय?"

"तेच बघायला जायचंय."

तुमच्या बाकाशी जाऊन उभी राहिले. तिथून काही दिसत नाही हो. पाठी दिसतात नुसत्या. इतकी वर्षं तुम्ही पाठी बघायला जात होतात? पुढे केन खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर ब्लँकेट. त्यानं सवयीनं मागे वळून बघितलं. बाकाकडे. मी दिसले. क्षणभर त्याला काही कळेना, मग त्यानं हात केला. पुढे ये.

तुम्ही काय म्हणायचात ते माझ्या जिभेवर आलं. पुढच्या वर्षी. मग विचार केला, मी अठ्ठ्याऐंशीची. कुठलं पुढचं वर्ष?

मीराचा हात धरून निघाले. मध्ये दोरखंड लावलेला, त्याच्यापाशी पिवळं जाकीट घातलेली बाई. भली होती. वाकून म्हणाली, "पुढची जागा लष्करातल्यांच्या घरच्यांसाठी आहे, लव्ह. तुमचं कोण होतं? कुठल्या लढाईत?"

मीरा काहीतरी समजावून सांगणार होती. मी तिचा हात दाबला. माझं इंग्रजी बाजारापुरतं, पण एवढं येतं.

"लढाईत नाही," मी म्हटलं. "माझा नवरा रविवारचा शिपाई होता. आज रविवार आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग दोरखंड बाजूला केला. केननं आपली खुर्ची जराशी सरकवली. त्याच्या आणि दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या मध्ये एका माणसाची जागा झाली. तिथे उभी राहिले, तुमच्या कोटात. बाह्या लांब, बोटांची टोकं तेवढी बाहेर. उजव्या खिशात ते पितळेचं वजन होतं. हातात धरून धरून गरम झालं होतं.

तुम्ही असतात तर मला मागे ओढलं असतंत. नव्हतात, म्हणून पुढे गेले. आता म्हणा काय म्हणायचंय ते.

घड्याळाचे ठोके पडले आणि सगळं पार्क थांबलं. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. केन साक्षीला आहे, नाहीतर तुम्हाला खरं वाटायचं नाही.